पाळणाघरातील दिनक्रम आणि बालशिक्षण



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर मोठमोठ्या विषयांची आरास मांडलेली असते. कोणी राष्ट्राच्या भवितव्यावर बोलतो, कोणी इतिहासावर, कोणी अध्यात्मावर. आम्ही आज जो विषय घेऊन आपल्यापुढे उभे आहोत, त्याची उंची जेमतेम तीन फूट आहे. त्याला अजून आपल्या शर्टाचे बटण नीट लावता येत नाही. परंतु या तीन फुटांच्या माणसाचा दिवस कोठे आणि कसा जातो, हा प्रश्न आपल्या गावापुरता तरी सर्वांत निकडीचा आहे, असे आम्हांला वाटते; आणि त्याचा विचार आपण सर्वांनी मिळून करावा, एवढीच आजची विनंती आहे.

सकाळी साडेसात-आठच्या सुमारास भाईंदर किंवा मीरारोड स्टेशनाकडे जाणाऱ्या कोणत्याही रस्त्यावर पाच मिनिटे उभे राहावे. एका खांद्याला डब्याची पिशवी आणि दुसऱ्या हातात मुलाचे बोट, अशी लगबगीने चाललेली आई दिसते. मुलाच्या पाठीवर लहानशी पिशवी. तिच्यात एक जोड कपडे, पाण्याची बाटली आणि कधीकधी आईच्या जुन्या साडीचा एक तुकडा. वाटेत एका इमारतीच्या तळमजल्यावर दार उघडते, एक मावशी मुलाला आत घेते आणि आई गाडीकडे पळते. मूल मागे वळून पाहते तोवर आई कोपऱ्यावरून वळलेली असते.

आता थोडे गणित मांडू. आई आठला निघाली आणि चर्चगेटच्या बाजूचे कार्यालय उरकून सातला परतली, तर मूल अकरा तास पाळणाघरात राहते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली जी सूत्रे प्रसिद्ध केली, त्यांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलाला दुपारची झोप धरून दिवसाकाठी १० ते १३ तास झोप लागते. म्हणजे मूल सुमारे बारा तास जागे असते. पाळणाघरातली दुपारची दीड-दोन तासांची झोप वजा केली, तर या बारांपैकी नऊ तास पाळणाघराच्या वाट्याला येतात. घराच्या वाट्याला उरतात तीन. आणि त्या तिनांत आंघोळ, जेवण आणि आईबापांचा थकवा हे सगळे मावायचे असते. ज्या जागी मुलाच्या जागेपणाचा पाऊण भाग जातो, त्या जागेला आपण ‘मूल ठेवण्याची सोय’ म्हणून मोकळे होतो, हे बरोबर आहे काय?

ही वेळ आपल्यावर एकाएकी आलेली नाही. आपला हा परिसर म्हणजे मिठागरे, भातशेती, कोळीवाडे आणि खाडीकाठची गावे. भाईंदर, नवघर, खारी, गोडदेव, राई, मुर्धे, उत्तन, डोंगरी ही नावे आजही आपल्या बोलण्यात आहेत. त्या गावांत घराला अंगण होते, अंगणात आजी होती, आणि आजीला शेजारीण होती. १९८५ साली इथे नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या जनगणनेत वस्ती आठ लाखांवर गेलेली आढळली. माणसे आली, घरे उभी राहिली. अंगण मात्र कोणत्याच आराखड्यात बसले नाही. आजी गावी राहिली, किंवा तिसऱ्या मजल्यावर गुडघे धरून बसली. तेव्हा पाळणाघर हे आजच्या आईच्या हौसेतून निघालेले नसून, हरवलेल्या अंगणाच्या जागी आलेले आहे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. नोकरी करणाऱ्या आईला दोष देणाऱ्यांनी त्या अंगणाचा हिशेब आधी द्यावा.

पाळणाघराविषयी दोन गैरसमज आम्हांला वारंवार भेटतात. पहिला असा, की ती स्टेशनावरच्या सामान ठेवण्याच्या खोलीसारखी जागा आहे : सकाळी वस्तू ठेवावी, संध्याकाळी होती तशी परत घ्यावी. दुसरा त्याच्या उलट, की ती शाळेची धाकटी आवृत्ती आहे. म्हणून तिथे तीन वर्षांच्या मुलाने ओळीत बसून अक्षरे गिरवावीत आणि महिन्याच्या अखेरीस वही घरी आणावी. पहिल्या समजुतीत मुलाचे मन हरवते, दुसऱ्या समजुतीत त्याचे बालपण. आमचे म्हणणे असे, की पाळणाघरात जे शिकवायचे ते वहीत नसते. ते दिवसाच्या क्रमातच असते. कसे, ते आता पाहू.

मुलाला घड्याळ कळत नाही. ‘आई सात वाजता येईल’ या वाक्यातला ‘सात’ त्याच्या लेखी निरर्थक आहे. पण ‘आधी खेळ, मग गाणी, मग जेवण, मग झोप, मग खाऊ, मग गोष्ट, आणि मग आई’ हे त्याला चार-आठ दिवसांत पक्के कळते. हा क्रम हेच त्याचे घड्याळ. क्रम रोज तोच राहिला, की मूल दुपारी झोपेतून उठून स्वतःच म्हणते, ‘आता खाऊ.’ त्या दोन शब्दांत केवढा विश्वास आहे! पुढे काय होणार हे त्याला ठाऊक आहे, आणि ते होणारच याची खात्री आहे. ज्या पाळणाघरात आज जेवण बाराला, उद्या दीडला, परवा कोणी पाहुणे आले म्हणून गोष्टच नाही, तिथले मूल दिवसभर दाराकडे पाहत राहते. दिनक्रम म्हणजे मोठ्यांनी मुलाला दिलेला शब्द आहे. आजच्या व्याख्यानात आम्हांला जे सांगायचे आहे, ते एवढ्याच वाक्यात आहे.

हा शब्द पाळण्याची सुरुवात सकाळच्या दारातच होते. पुष्कळ आया मूल खेळण्यात गुंगले की हळूच निघून जातात. मूल रडू नये, हा हेतू चांगला. पण परिणाम फार वाईट. मूल मान वर करते आणि आई नाहीशी झालेली! दुसऱ्या दिवशी ते खेळण्यात गुंगतच नाही. पदर घट्ट धरून बसते. आम्ही सर्व आयांना एकच सांगतो : रडले तर रडू द्या, पण सांगून जा. ‘मी जाते, गोष्ट झाली की येते’ असे म्हणा, हात हलवा आणि जा. पुन्हा वळून येऊ नका. सांगून गेलेल्या आईचे मूल काही वेळ रडते आणि शांत होते. न सांगता गेलेल्या आईचे मूल रडत नसले तरी वाट पाहत असते.

त्यानंतरचा पहिला तास मोकळ्या खेळाचा. एका कोपऱ्यात पाण्याची परात, दोन तांबे, एक गाळणे. दुसऱ्या कोपऱ्यात चिंचोके, शिंपले, लाकडी ठोकळे. तिसऱ्या कोपऱ्यात भातुकली. पाहणाऱ्याला हा पोरखेळ दिसतो. पण तांब्यातले पाणी न सांडता पेल्यात ओतणाऱ्या मुलाकडे नीट पाहावे. त्याचा श्वास रोखलेला असतो, मनगट हळूहळू वळत असते, डोळा धारेवर असतो. उद्या पेन्सिल धरायची ती याच मनगटाने. चिंचोके निवडणारी बोटे लेखणीची पूर्वतयारी करीत असतात. आणि मोठे शिंपले इकडे, लहान तिकडे, असे लावणारे मूल वर्गीकरण करीत असते. त्या शब्दाशी त्याची ओळख पुढे कधीतरी होईलच.

मग गाणी आणि गप्पा. आपल्या गावात एका खोलीत पंधरा मुले बसली, तर त्यांच्या घरी मराठी, गुजराती, हिंदी, मारवाडी अशा तीन-चार भाषा तरी सहज निघतात. काही पालकांना वाटते, की या सर्वांवर पहिल्याच दिवशी इंग्रजीचे पांघरूण घालावे. ज्या भाषेत मूल ‘मला दुखते’ म्हणते, ती भाषा तोंडातून काढून घेतली, तर ते गप्प बसते. आणि त्याच्या गप्पपणाला आपण शिस्त म्हणतो! मावशीला चार भाषांतले ‘पाणी’, ‘भूक’, ‘शू’ आणि ‘आई’ एवढे शब्द आले तरी पहिल्या महिन्याचे काम भागते. मुले तर एकमेकांची भाषा अंगणातल्या धुळीसारखी अंगाला लावून घेतात. इंग्रजीशी आमचे वैर नाही. तिने आपली पाळी येईतो थांबावे, इतकेच.

जेवणाची वेळ हा आमच्या मते दिवसातला सर्वांत मोलाचा पाठ. एक मूल पाने मांडते, दुसरे प्रत्येक पानापाशी एक वाटी ठेवते. एका पानाला एक वाटी, एका मुलाला एक पान. अंकगणिताचा पाया तो हाच! वाटी कमी पडली तर ‘एक पाहिजे’ हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. हात धुणे, शेजाऱ्याला वाढेपर्यंत थांबणे, सांडलेले पुसणे, हे सारे शिक्षणच. या बाबतीत आमची एक चूक कबूल केली पाहिजे. पुष्कळ दिवस आमच्याकडे मुलांची बटणे मोठी माणसेच लावीत असत, सांडलेले तीच पुसत असत, कारण त्यामुळे काम लवकर होई. नंतर ध्यानात आले, की आपण मुलांचा पाठच उरकून टाकतो आहोत. तेव्हापासून बटणांसाठी दहा मिनिटे राखून ठेवली. शर्ट कधी तिरका लागतो, पण तो मुलाने लावलेला असतो.

दुपारी सतरंज्या अंथरल्या जातात. इथे त्या साडीच्या तुकड्याचे महत्त्व कळते. त्याला आईचा वास असतो. तो धुवायला मागू नये आणि ‘मोठा झालास ना?’ म्हणून हसूही नये. झोप न येणाऱ्या मुलाला धाक घालू नये. त्याने पडून राहावे, हलक्या हाताने चित्र पाहावे. आणि एक गोष्ट स्पष्टच सांगतो : मुले शांत राहावीत म्हणून भिंतीवरचा दूरदर्शन संच किंवा हातातला मोबाईल चालू करून देणे हा सांभाळण्याचा प्रकार नव्हे. मघाशी उल्लेख केलेल्या त्याच सूत्रांत या वयाच्या मुलांसाठी पडद्यापुढची बैठक दिवसाला एका तासाच्या आत असावी, तीही जितकी कमी तितकी बरी, असे म्हटले आहे. आणि हिंडण्या-धावण्याला तीन तास मिळावेत, असेही. ज्या पाळणाघराला अंगण नाही, त्याने इमारतीची गच्ची, वाहनतळाचा एक कोपरा, जवळची बाग, काहीतरी मिळविलेच पाहिजे. गृहनिर्माण संस्थांच्या चिटणीसांना आमची हात जोडून विनंती आहे, की मुलांचा गलबला हा तक्रारअर्जाचा विषय करू नये.

आम्ही काही नवे सांगतो आहोत, असा आमचा दावा नाही. ६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहरातील सान लोरेन्झो या मजुरांच्या वस्तीत डॉ. मारिया माँटेसरी यांनी आपले पहिले बालगृह उघडले, तेव्हाची परिस्थिती आपल्यासारखीच होती. वस्तीतल्या चाळी नुकत्याच दुरुस्त केलेल्या. आईबाप दिवसभर कामावर. मागे राहिलेली मुले जिने आणि भिंती खराब करीत. म्हणून घरमालकांच्या मंडळीने त्याच इमारतीत एक खोली दिली. आज जिच्या नावाने मोठमोठ्या देणग्या घेतल्या जातात, त्या पद्धतीचा जन्म असा एका पाळणाघरातच झाला. तिथेही आरंभी हात धुणे, केस विंचरणे, टेबल मांडणे हेच पाठ होते. पुढे १९३९ साली बाई हिंदुस्थानात आल्या आणि महायुद्धाची वर्षे इथेच राहिल्या.

आपल्याकडे त्याआधीच, १९२० साली, गिजुभाई बधेका यांनी वकिली सोडून भावनगरला दक्षिणामूर्तीचे बालमंदिर सुरू केले होते. तिथे १९२३ साली ताराबाई मोडक जाऊन मिळाल्या. मुंबईच्या पदवीधर, राजकोटच्या स्त्री-अध्यापन विद्यालयाच्या प्राचार्या राहिलेल्या या बाई पुढे १९४५ साली आपल्याच पश्चिम रेल्वेच्या रस्त्यावर, डहाणू तालुक्यातील बोर्डीला येऊन राहिल्या. बोर्डी तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होती. २०१४ पासून ती पालघर जिल्ह्यात आहे. ताराबाईंनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी तिथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. बालवाडी उघडली, पण हरिजन वस्तीतली मुले येईनात. तेव्हा त्यांनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्यातून रूढ झाला, आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाल्यावर तो देशभर गेला. खेड्यातल्या अंगणात निघालेला हा शब्द आज काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत सरकारी कागदांवर आहे, याचा मराठी माणसाला अभिमान वाटला पाहिजे.

पुढे १९५७ च्या सुमारास हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथल्या आदिवासी वस्तीत आणखी एक अडचण दिसली. मुली शाळेत येत नसत, कारण त्यांच्या कडेवर धाकटे भावंड असे. आईबाप मजुरीला गेले, की सात-आठ वर्षांची मुलगी घरची आई होई. यावर ताराबाई-अनुताईंनी काढलेला मार्ग पाहण्यासारखा आहे. त्यांनी विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. कडेवरचे बाळ पाळणाघरात, मधले बालवाडीत आणि थोरली वर्गात! जी मुले गुरे राखायला जात, त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली. पाळणाघराची किंमत त्यात शिरलेल्या बाळापुरती नसते, त्याच्या थोरल्या बहिणीच्या पाटीवरही ती लिहिलेली असते, हे कोसबाडने दाखविले.

आणि इथेच आम्हांला आपल्या गावाकडे पुन्हा वळायचे आहे. आतापर्यंत आम्ही बोललो ते फी भरू शकणाऱ्या घरांविषयी. पण आपल्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईचे मूल त्या वेळी कोठे असते, हे आपण कधी विचारले आहे काय? नव्या इमारतीच्या पायात विटा वाहणाऱ्या मजुरिणीचे बाळ वाळूच्या ढिगाजवळ कोणाच्या हवाली असते? बहुधा सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या. कोसबाडची ती मुलगी आज भाईंदर-मीरारोडच्या रस्त्यावर आहे. १९६९ साली दिल्लीत मीरा महादेवन यांनी बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांसाठी फिरती पाळणाघरे सुरू केली, आणि १९७२ पासून ते काम मुंबईतही आले. म्हणजे वाट मळलेली आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने स्त्री-कामगारांच्या मुलांसाठी पाळणाघराची तरतूद केली होती; २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेली आणि ५० किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय बंधनकारक केली. पण घरोघर काम करणाऱ्या बाईच्या मालकिणी चार, आणि त्यांपैकी एकीकडेही पन्नास माणसे नाहीत! कायद्याच्या जाळ्याची ही भोके गावाने बुजवायची असतात.

आता राहिली ती मावशी. तिच्या हाती आपण नऊ तास आपले मूल देतो, आणि तिचे वेतन ठरवताना दहा वेळा घासाघीस करतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात म्हटले आहे, की मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ वयाच्या सहा वर्षांच्या आत होते. हे वाक्य सभेत टाळ्या घेते. पण ही वाढ ज्या बाईच्या मांडीवर होते, तिला ‘सांभाळणारी’ म्हणायचे आणि पुढे बीजगणित शिकवणाऱ्याला ‘सर’ म्हणायचे, हा कोणता न्याय? एका बाईकडे वीस-पंचवीस मुले सोपवली, तर ती बिचारी दिनक्रम कसला पाळणार? ती फक्त आवाज चढवणार. पाळणाघर पाहायला जाल तेव्हा भिंतीवरची रंगीत चित्रे मोजू नका. एका मावशीमागे मुले किती ते मोजा, आणि ती मुलाशी बोलताना खाली बसते की उभ्यानेच बोलते, ते पाहा. खाली बसत असेल, तर निःशंक मनाने मूल ठेवा.

पालकांना शेवटचे एक सांगणे आहे. संध्याकाळी घरी नेताना ‘आज काय लिहिलेस?’ असे विचारू नका. ‘आज कोणाशेजारी बसलास? पाणी सांडले का? मग कोणी पुसले?’ असे विचारा. मूल सांगू लागेल. आणि जे सांगता येते तेच पुढे लिहिता येते.

श्रोतेहो, पाळणाघरात संध्याकाळची एक घटका फार जड असते. खेळ संपलेले, गोष्ट झालेली, एकेक आई येऊन आपापले मूल घेऊन गेलेली, आणि दाराशी चपलांचा एकच लहान जोड उरलेला. गाडी कोठेतरी अडकलेली असते. त्या शेवटच्या मुलाला मावशीने काय सांगावे? ‘आलीच हं’ असे खोटे सांगू नये. ‘गाडीला उशीर झाला आहे, तोवर आपण दोघे भाजी निवडू’ असे सांगावे, आणि मेथीची जुडी पुढे ठेवावी. मूल एकेक पान खुडू लागते. अर्ध्या तासाने जिन्यावर पावले वाजतात, आणि आई दारात येते ती अपराध्यासारखी तोंड करून. पण मूल तिच्याकडे धावत जाऊन सांगते, ‘मी भाजी निवडली!’ त्या मुलाला दिलेला शब्द त्या दिवशी पाळला गेला. असा शब्द आपल्या गावातल्या प्रत्येक मुलाला, फी भरणाऱ्याला आणि न भरू शकणाऱ्यालाही, मिळावा. आणि तो पाळण्याची जबाबदारी एकट्या मावशीवर न टाकता आपण सर्वांनी उचलावी, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.